पहिली कुऱ्हाड घडवणाऱ्या ग्राहकांसाठी: आधी नेढे, मग पाते

आमच्याकडून पोलादाचा तुकडा नेऊन घरच्या भट्टीवर पहिली हातकुऱ्हाड घडवणारे अनेक ग्राहक एकच अडचण घेऊन परत येतात. पात्याला आकार चांगला आलेला असतो, परंतु नेढे, म्हणजे दांडा बसवण्याचे आरपार भोक, तिरके पडल्यामुळे दांडा बसवल्यावर धार एका अंगाला कलते. 'एवढे सरळ करून द्या' ही त्यांची विनंती आम्हाला बहुधा नाकारावी लागते. नेढे सरळ करायचे तर तो जाड भाग पुन्हा पिवळ्या रंगावर आणावा लागतो, आणि तेवढ्या वेळात पुढचे पातळ पाते ठिणग्या सोडू लागते. ठिणग्या सुटलेले पोलाद जळालेले असते. तेवढा भाग कापून टाकण्यावाचून इलाज उरत नाही. म्हणूनच तुकडा जाडजूड असतानाच नेढे पाडून घ्यावे.

आमचा तुकडा १०० मिलिमीटर लांब, ४० रुंद आणि २५ जाड असतो. नेढे २५ मिलिमीटरच्या बाजूवरून सुरू होऊन ४० मिलिमीटर खोल जाते. हे भोक पाडणारा पंच तीन अंशांनी कलला, तरी पलीकडे पोचेपर्यंत दोन मिलिमीटरचा फरक पडतो आणि एक भिंत जाड, दुसरी पातळ होते. पुढे नेढे रुंद करून त्याला आकार देणारा लंबगोल सुंबा ठोकताना पातळ भिंतच अधिक ताणली जाते, त्यामुळे हा फरक आपोआप भरून न येता वाढतच जातो.

यासाठी तुकडा थंड असतानाच दोन्ही बाजूंवर मध्यरेषा आखून सेंटर पंचाने ठळक खुणा कराव्यात. एका बाजूने आरपार जाण्याचा मोह टाळावा. निम्म्याहून थोडे खोल गेल्यावर तुकडा उलटून दुसऱ्या खुणेवरून काम करावे. दर चार-पाच घावांनंतर पंच बाहेर काढून पाण्यात बुडवावा व छिद्रात चिमूटभर कोळशाची पूड टाकावी, म्हणजे तो अडकत नाही. पंच आत राहून लाल झाला की त्याचे टोक फुगते, आणि मग तो काढण्यातच सकाळ जाते. तुकड्याचा रंग मंद लाल झाला की हातोडा थांबवून पुन्हा ताव द्यावा. थोडा फरक पडलाच, तर सुंबा आत असताना जाड भिंतीवर ठोकून तो कमी करता येतो, मात्र पाते ओढण्यापूर्वीच.

'गाडीच्या जुन्या कमानपाट्याची कुऱ्हाड का करू नये?' असेही विचारले जाते. पोलाद म्हणून तो उत्तमच असतो, पण असे नेढे पाडण्याइतकी जाडी त्याला क्वचितच असते, आणि वर्षानुवर्षे भार सोसलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात. आमचा ईएन ९ या मध्यम कार्बनच्या पोलादाचा नवा तुकडा महाग वाटतो, हे आम्ही जाणतो. परंतु त्यातले कार्बनचे प्रमाण ठाऊक असल्यामुळे पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम विझवून धार कडक करताना, अंदाजावर राहावे लागत नाही.

पाणी देण्याचे काम आम्ही वेगळे आकारतो, कारण ते घाईत करता येत नाही. चुंबक चिकटेनासे झाल्यावर थोडा अधिक ताव देऊन केवळ धारेकडचा भाग तेलात बुडवतो व नेढे मुद्दाम मऊ ठेवतो. नंतर तपकिरी ते जांभळा रंग येईपर्यंत हलका ताव देऊन धारेचा ठिसूळपणा उतरवतो. पाण्यात विझवून आणलेली, धारेला बारीक चीर गेलेली कुऱ्हाड आम्ही स्वीकारत नाही.

ज्यांना पहिल्याच खेपेस नेढ्याची जोखीम नको असेल, त्यांच्यासाठी नेढे पाडून दिलेला तुकडा मिळतो. ज्यांना ते स्वतःच पाडायचे आहे, त्यांना चपटा पंच आणि सुंबा अनामत ठेवून नेता येईल. अनामत दोन्ही हत्यारे परत आल्यावर मिळते. फुगलेल्या टोकाचा पंच घासून देण्याचा खर्च त्यातून वजा होतो.