पूर्वग्रह
पूर्वग्रह (पु.) : अनुभव किंवा पुरावा तपासण्याआधीच धरलेले आणि सहसा न सुटणारे मत. संस्कृत 'ग्रह्' धातूचा अर्थ पकडणे, घेणे. मराठीत 'ग्रह' म्हणजे समजूत ('माझा ग्रह झाला', 'गैरग्रह'). हा सुटा अर्थ जुना आहे. जोडशब्द मात्र इंग्रजी अमलात 'प्रेज्युडिस'चा प्रतिशब्द म्हणून रुळला असावा. त्या शब्दाचे लॅटिन मूळही 'आधीचा निवाडा' असेच आहे.

नागपुरात 'पूर्वाग्रह' हे रूपही कानी पडते. हिंदीत ते रूढ आहे, आणि १९५६च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत नागपूर ही मराठी-हिंदी अशा द्विभाषिक राज्याची राजधानी होती. व्याकरणाने दोन्ही रूपे सिद्ध होतात : पूर्व + ग्रह यात स्वर जुळत नाहीत, म्हणून बदल नाही; पूर्व + आग्रह यात अ + आ मिळून दीर्घ आ होतो. अर्थ मात्र एक राहत नाही. आग्रह धरला की तो बोलण्यावागण्यात उतरतो. ग्रह मनात मुरलेला असतो, कित्येकदा धरणाऱ्यालाही न कळता. मराठीत म्हणून 'पूर्वग्रह' हेच रूप स्वीकारावे.

अंदाज आणि पूर्वग्रह यांतला फरक संत्र्याच्या ढिगापाशी स्पष्ट होतो. 'हिरवं संत्रं आंबटच राहते' असे गिऱ्हाईक म्हणते. आंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या अखेरीस आलेल्या फुलोऱ्याची फळे दिवाळीच्या सुमारास बाजारात येतात. सालीला केशरी रंग चढायला गार रात्री लागतात. त्या पुरेशा मिळाल्या नसल्या तर आतला गर गोड होऊनही साल हिरवट राहते. फोड चाखून मत बदलले, तर तो अंदाज होता. चाखूनही 'हे एखादंच गोड निघालं' म्हटले, तर तो पूर्वग्रह. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हाच न बदलण्याचा गुण निर्णायक मानला.

'आकस' याहून वेगळा : त्याला मागचे भांडण किंवा मत्सर लागतो. 'अढी' एखाद्या प्रसंगाने बसते. पूर्वग्रहाला ओळखही लागत नाही. तो अनुकूलही असू शकतो, पण 'पूर्वग्रहदूषित' या विशेषणाने शब्दाला वाईट छटा चिकटली आहे.

कायद्याच्या भाषांतरात मोठी चूक होते. 'विदाउट प्रेज्युडिस' याचे 'पूर्वग्रहाविना' असे भाषांतर केल्यास अर्थच हरवतो; तिथे मताचा नव्हे, हक्काचा प्रश्न असतो. मराठी अधिनियमांत त्यासाठी 'बाध न येता' असे लिहितात.