छोट्या ट्रॅक्टरला किती फुटी रोटावेटर?

मागच्या खरड छाटणीच्या आधी आमच्या दाजींनी तासगावच्या द्राक्षबागेसाठी 18 एचपीचा छोटा ट्रॅक्टर घेतला, आणि त्याच्या मागं पाच फुटी रोटावेटर, म्हणजे फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारं अवजार. दुकानात सांगितलं की एकदाच घ्या, मोठाच घ्या, दोन फेऱ्यांचं काम एका फेरीत होतंय. पहिल्या दिवशी मी तिथंच होतो. रोटावेटर चार इंच मातीत गेला नाही तोच इंजिनाचा आवाज घोगरा झाला, सायलेन्सरमधून काळा धूर, आणि मी बांधावरून ओरडलो, "दाजी, इंजिन दबतंय ओ, वर घ्या, वर घ्या!" त्यांनी लिफ्ट वर घेतली तर ट्रॅक्टरचं पुढचं तोंड हलकं झालं, आणि वळताना स्टिअरिंग पूर्ण फिरवलं तरी चाकं सरळच घसरत बोदावर (वेलींच्या ओळीखालच्या मातीच्या उंचवट्यावर) गेली. दोन ठिकाणी ड्रिपची नळी तुटली.

ट्रॅक्टर खराब नव्हता, रोटावेटरही खराब नव्हता. जोडी चुकली होती, आणि ही चूक मी गावोगाव बघतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

छोट्या ट्रॅक्टरला कमी काय पडतं? सगळे म्हणतात ताकद. माझं म्हणणं, वजन. हिशोब बघा. ट्रॅक्टरचं वजन समजा 800 किलो. मऊ रानात टायर घसरायच्या आत असा ट्रॅक्टर जास्तीत जास्त आपल्या वजनाच्या निम्मा, म्हणजे 400 किलोच्या आसपास जोर लावून ओढू शकतो. ताशी 3 किलोमीटर म्हणजे सेकंदाला 0.83 मीटर. एक एचपी म्हणजे सेकंदाला 75 किलो वजन एक मीटर उचलण्याइतकं काम. 400 ला 0.83 नं गुणून 75 नं भागलं की साडेचारच्या आसपास एचपी येते. म्हणजे 18 एचपीच्या इंजिनातली जेमतेम साडेचार एचपी ओढायला वापरली जाते आणि बाकीची तशीच पडून राहते, कारण टायरला ती मातीत उतरवताच येत नाही. म्हणून पलटी नांगर लावला की छोटा ट्रॅक्टर जागेवर चाकं फिरवत बसतो.

रोटावेटरची सगळी गंमत इथं आहे. तो टायरच्या भरवशावर नाही. इंजिनाची ताकद पीटीओच्या, म्हणजे अवजार फिरवायला ट्रॅक्टरच्या मागं दिलेल्या, शाफ्टमधून थेट पात्यांपर्यंत जाते. शिवाय रोटर, म्हणजे पाती बसवलेला दांडा, चाकांच्याच दिशेनं फिरतो, पाती वरून खाली घुसतात आणि माती मागं फेकतात, त्यामुळं ट्रॅक्टरला उलट पुढं ढकलाच मिळतो. हलक्या ट्रॅक्टरला याच्याइतकं सोयीचं अवजार दुसरं नाही. फक्त हाच ढकला उतारावर आणि कडक जमिनीवर अंगावर येतो, पाती आत घुसायच्या ऐवजी चाकासारखी वर चालायला लागतात आणि ट्रॅक्टर पुढं उडी मारतो, तेव्हा कडक रानात पहिली फेरी उथळच घ्यायची.

ही कल्पना शंभर वर्षांपेक्षा जुनी आहे. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथं आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या पोरानं 1912 मध्ये वडिलांच्या शेतावर वाफेच्या ट्रॅक्टरच्या इंजिनानं अवजाराचा शाफ्ट फिरवून माती फोडून बघितली. माती मऊ झाली पण सगळी बाजूला उडायला लागली. मग त्यानं एल आकाराची पाती बारीक शाफ्टवर अंतरा-अंतरानं बसवली आणि प्रश्न सुटला, 1920 मध्ये पेटंटही घेतलं. आज आपल्या रोटावेटरखाली वाकून बघितलं तर दिसतं ते बरंचसं तेच.

आता फुटाचा प्रश्न. आपल्याकडं साधारण धरतात की एका फुटाला 7 ते 8 एचपी. त्या हिशोबानं 15 एचपीला दोन फूट येतात, 24 एचपीला तीन ते साडेतीन, आणि जमीन हलकी, वाफशावर (ना चिखल ना कोरडी ठणठणीत) असेल तर चार. हे ठोकताळे का जमतात ते मातीच्या वजनावरून समजतं. चार फुटी रोटावेटर म्हणजे 1.2 मीटर रुंदी, खोली 12 सेंटीमीटर, वेग ताशी अडीच किलोमीटर म्हणजे सेकंदाला जवळपास 0.7 मीटर. गुणाकार करा, दर सेकंदाला 100 लिटर माती! 130 किलोच्या आसपास माती तुमचं इंजिन दर सेकंदाला कापतंय, उचलतंय आणि मागच्या फळ्यावर आपटतंय. पाच फुटाला हाच आकडा 125 लिटरच्या वर जातो. दाजींचं इंजिन का दबलं ते यात आलं.

रुंदीची खालची हद्द पण असते. मागच्या दोन टायरच्या बाहेरच्या कडांचं अंतर टेपनं मोजा, रोटावेटर किमान तेवढा तरी पाहिजे, नाहीतर टायरनं दाबलेला पट्टा तसाच कडक राहतो. त्यापेक्षा अरुंदच घ्यावा लागत असेल तर एका बाजूला सरकवून बसवता येणारा घ्या, म्हणजे निदान एका टायरचा माग तरी पुसला जातो. आणि वरची हद्द बाग ठरवते. नऊ फुटी ओळीत दोन्हीकडचे बोद सोडले की मोकळी जागा पाच-सहा फुटांची, त्यात द्राक्षाची बारीक मुळं बोदाच्या कडेला वरच्या थरातच असतात. पाती तिथं पोचली की मुळं तुटतात.

लिफ्टची क्षमता सगळे विचारतात, पण पुढच्या एक्सलचं कोणी विचारत नाही. 230 किलोचा रोटावेटर मागच्या एक्सलपासून 90 सेंटीमीटर मागं लटकतोय आणि दोन एक्सलमधलं अंतर दीड मीटर आहे असं धरलं, तर तरफेच्या नियमानं पुढच्या चाकांवरचा 138 किलो भार कमी होतो. पुढं मुळात 320 किलो असतील तर राहिले 182. सपाट रानात ठीक आहे, पण चढावर, बांध ओलांडताना, गचका बसला की तेवढे पण राहत नाहीत. लिफ्टनं उचललं म्हणजे ट्रॅक्टरला पेललं असं नाही. पुढं वजनाच्या प्लेटा लावायची सोय आहे का ते घेण्याआधीच विचारा.

माती किती बारीक होणार हे कशावर ठरतं? दोन गोष्टींवर, रोटर किती फिरतो आणि ट्रॅक्टर किती पळतो. रोटरवरच्या एका फ्लँजवर (चकतीवर) साधारण सहा पाती असतात, तीन डावीकडं वळलेली, तीन उजवीकडं. रोटर मिनिटाला 210 फेरे मारत असेल आणि ट्रॅक्टर ताशी अडीच किलोमीटरनं चालत असेल तर एका फेऱ्यात ट्रॅक्टर 20 सेंटीमीटर पुढं जातो, म्हणजे एका बाजूचं प्रत्येक पातं साडेसहा सेंटीमीटरचा घास घेतं. तोच ट्रॅक्टर ताशी 4 किलोमीटरनं हाकला की घास साडेदहाचा, आणि मागं ढेकळं. बरेच जण ढेकळं दिसली की पाती खराब म्हणतात, आधी एक गिअर खाली टाकून बघा ना. आणि पीटीओचे 540 फेरे इंजिनाच्या ठरलेल्या आरपीएमलाच मिळतात, मीटरवर बहुतेक वेळा खूण असते, डिझेल वाचवायला थ्रॉटल कमी ठेवला की रोटर मंद फिरतो आणि इंजिनावरच ताण येतो.

पण फार बारीक करणं हा उलटा रोग आहे आणि मला याची जास्त काळजी वाटते. आपली काळी माती चिकण, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते, तिला रोटावेटर चालवायचे दिवस मोजकेच मिळतात. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून टाका. भुरभुरला तर वाफसा आहे. तसाच चपटा बसला तर ट्रॅक्टर शेडमध्ये ठेवा. ओल्या रानात एल पात्याची आडवी बाजू खालच्या मातीवर गिलावा केल्यासारखी फिरते, दरवेळी त्याच खोलीवर, आणि काही वर्षांत पाच-सहा इंचाखाली फरशी तयार होते. वर माती कणकेच्या पिठासारखी, खाली पाणी मुरत नाही, मुळं आडवी पळतात. ओलसर भारी जमिनीला सी आकाराची पाती बरी, ती कमी घासतात. गवत-तण जास्त असलेल्या कोरड्या रानाला एल ठीक. आणि एवढी पण फेरी उठसूट मारू नका, मातीचे कण एकमेकांना धरून ठेवणारा सेंद्रिय डिंक आणि बुरशीचे धागे दरवेळी तुटतात, मग पहिल्याच पावसात वर पापुद्रा धरतो.

रोटर फिरवणारी बाजूची ड्राइव्ह चेनची की गिअरची? चेनवाला स्वस्त आणि हलका, छोट्या ट्रॅक्टरला वजनाच्या दृष्टीनं बरा, पण चेन ढिली पडते, ताण बघत राहावं लागतं. दगडगोटे असलेल्या मुरमाड रानाला मी गिअरच घेईन.

शाफ्टबद्दल हात जोडून सांगतो. 540 फेरे मिनिटाला म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर 20 सेंटीमीटर धरला तरी एका सेकंदात 1.8 मीटर कापड गुंडाळलं जातं. उपरण्याचं टोक अडकलंय हे कळेपर्यंत अर्धा सेकंद जातो, तेवढ्यात 90 सेंटीमीटर आत. शाफ्टवरचं प्लास्टिकचं कव्हर काढून फेकू नका, पात्यात अडकलेली पाईप किंवा गवत काढायचं तर आधी इंजिन बंद, चावी खिशात. रोटावेटर पूर्ण उचलताना पीटीओ बंद करा, कोन जास्त झाला की शाफ्टचा जॉइंट आदळतो आणि त्याच्या आतला क्रॉस (अधिकच्या चिन्हासारखा तुकडा) तुटतो.

दाजींनी शेवटी पाच फुटी मोठ्या ट्रॅक्टरवाल्या भावकीला दिला आणि तीन फुटी शोधायला लागले. एचपीच्या हिशोबानं अडीचच फूट येतात, पण ट्रॅक्टर अरुंद असला तरी टायरची बाहेरची कड बरोबर तीन फुटात बसते, त्याहून कमी चालत नव्हता. यावेळी दुकानात व्यवहार करायच्या आधी डेमो रानात मागितला, आपल्याच रानात, आपल्याच ट्रॅक्टरवर. एक तास मारून झाल्यावर मी खुरप्यानं भुसभुशीत माती बाजूला सारली आणि तळाला बोट फिरवलं. तळ खरबरीत लागला, पुसल्यासारखी चकाकी नव्हती. दाजी खाली बसले, त्यांनी पण बोट फिरवून बघितलं, आणि दुकानदाराला म्हणाले, "हा ठेवून जावा."