घराण्यातली शुगर आणि एक मोजणारे विकर

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी फेऱ्या मारताना एक वाक्य हमखास कानांवर पडते: ‘आमच्या घराण्यातच शुगर आहे, मलाही होणारच.’ पाठोपाठ कारले-जांभळाच्या रसाचा पेला रिकामा होतो. वाक्य अर्धे खरे आहे. रसाबद्दल तेवढेही म्हणवत नाही. कारले कितीही कडू असले तरी डीएनएचा क्रम ते बदलत नाही.

मधुमेह सरळ एका जनुकातून उतरतो, असाही एक विरळा प्रकार आहे. त्याचे लघुनाम ‘मोडी’. लिपीशी त्याचा संबंध नाही. त्याच्या एका उपप्रकारात ग्लुकोकायनेज या विकराच्या (एन्झाइमच्या) जनुकात दोष असतो, हे 1992 मध्ये उघड झाले. स्वादुपिंडातल्या, इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशीत ग्लुकोज शिरले की हे विकर त्याला फॉस्फेट जोडते. त्याच्या कुळातली इतर विकरे थोड्याशा ग्लुकोजनेच पूर्ण वेगाने चालू लागतात. ग्लुकोकायनेजचा वेग मात्र रक्तातल्या साखरेबरोबर चढतो आणि उतरतो, म्हणूनच पेशीला साखर मोजता येते. वेग वाढला की पेशीतले एटीपी (ऊर्जा पुरवणारा रेणू) वाढते, त्यामुळे पोटॅशियमच्या वाहिन्या मिटतात, पेशीपटलावरचा विद्युतदाब बदलतो, कॅल्शियम आत येते आणि इन्सुलिनच्या पुटिका (इवल्या पिशव्या) बाहेर रित्या होतात. (येथे बिनसाखरेचा चहा घेऊन परिच्छेद पुन्हा वाचायला हरकत नाही.) निरोगी माणसात ही साखळी डेसिलिटरमागे सुमारे 90 मिलिग्रॅमला जागी होते. जनुकाची एक प्रत सदोष असली तर ती उशिरा जागी होते, आणि उपाशीपोटीची साखर जन्मापासून साधारण 100 ते 145 मध्ये स्थिरावते. अपत्यात हा दोष उतरण्याची शक्यता निम्मी असते. पण गरोदरपण सोडले तर बहुतेकांना औषध लागतही नाही.

तलावपाळीवरचा मधुमेह बहुधा दुसऱ्या प्रकारचा (टाइप 2) असतो. त्यात शेकडो जनुकीय फरकांचा थोडाथोडा वाटा असतो. त्यांतला एक वजनदार फरक टीसीएफ7एल2 या जनुकातला, 2006 मध्ये सापडलेला. त्याची एक प्रत धोका जेमतेम 1.4 पट करते. लाळ घेऊन मधुमेहाचे भविष्य सांगणाऱ्या चाचण्या मला म्हणूनच पत्रिकेच्या पंक्तीत बसवाव्याशा वाटतात. अमेरिकेतल्या मधुमेह-प्रतिबंध प्रयोगात या फरकाच्या दोन प्रती असलेल्यांना औषधहीन गोळीच्या गटात मधुमेह इतरांपेक्षा बराच अधिक जडला. वजन सात टक्के घटवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे चालण्यासारख्या व्यायामाचे उद्दिष्ट दिलेल्या गटात मात्र ही तफावत फारच थोडी उरली.