नजर निशाणावर नव्हे, माशीवर

‘नेम धरताना नजर निशाणावर खिळवून ठेवा’ हा सल्ला नवख्या पिस्तूल नेमबाजांना अनेकदा मिळतो. तो चुकीचा आहे. डोळा एका वेळी एकाच अंतरावरची वस्तू स्पष्ट पाहतो, आणि ती वस्तू पिस्तुलाची पुढची माशी (नळीच्या टोकावरचा, नेम धरायचा छोटा उंचवटा) असली पाहिजे. निशाणाचे काळे वर्तुळ धूसर दिसले तरी बिघडत नाही. एअर पिस्तुलाची माशी आणि मागची खाच (जिच्यातून माशी पाहतात) यांत ३३ सेंटिमीटर अंतर धरले, तर माशी खाचेत १ मिलिमीटर सरकताच १० मीटरवर छर्रा सुमारे ३० मिलिमीटर भरकटतो, आणि दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम ११.५ मिलिमीटर व्यासाचे असते. उलट माशी खाचेत मधोमध राहून अख्खे पिस्तूल तेवढेच समांतर हलले, तर छर्राही तेवढाच सरकतो. हात थोडा डुलणारच (कसलेल्यांचाही डुलतो). पण झटक्याने माशी खाचेतून सरकते, म्हणून चाप झटक्यात न ओढता सावकाश दाबावा.