राज्यहीन व्यक्तींचे आंतरराष्ट्रीय कायदेशीर संरक्षण

जगातला एकही देश ज्या व्यक्तीला आपल्या कायद्यानुसार नागरिक मानत नाही, ती राज्यहीन व्यक्ती. नागरिकत्वहीन असाही शब्द रूढ आहे. निर्वासित आणि राज्यहीन यांची मात्र गल्लत होते. निर्वासित छळाच्या भीतीने देश सोडून आलेला असतो. राज्यहीन माणूस बहुतेक वेळा जन्मला त्याच गावात राहत असतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाकडे २०२३ अखेर अशा सुमारे ४४ लाख लोकांची नोंद होती. मुळात कागदोपत्री नसलेल्यांचीच ही मोजणी, त्यामुळे खरा आकडा मोठा धरला जातो.

पहिल्या महायुद्धानंतर हा प्रश्न ठळकपणे पुढे आला. १९२१ मध्ये सोव्हिएत सरकारने देशाबाहेर गेलेल्या लाखो रशियनांचे नागरिकत्व काढून घेतले. त्यांच्यासाठी राष्ट्रसंघाचे (संयुक्त राष्ट्रांच्या आधीची जागतिक संघटना) उच्चायुक्त फ्रित्यॉफ नान्सेन यांनी १९२२ मध्ये एक ओळखपत्र मान्य करून घेतले. तोच ‘नान्सेन पासपोर्ट’. पुढे त्यावर नान्सेन यांचे चित्र असलेले पाच सुवर्ण फ्रँकचे तिकीट लावत. गोम अशी, की ज्या देशाने तो दिला तिथे परत येण्याचा हक्क सुरुवातीला त्यात नव्हता. जाण्यापुरता कागद होता, येण्याचा नव्हता.

मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्यातील पंधराव्या कलमाने प्रत्येकाला राष्ट्रीयत्वाचा हक्क दिला. ते कोणत्या देशाने द्यायचे, यावर कलम गप्प आहे. संयुक्त राष्ट्रांचा १९५४ चा करार आधीच राज्यहीन असलेल्यांसाठी आहे. न्यायालयात दाद, प्राथमिक शिक्षण, ओळखपत्र, प्रवासाचा दाखला आणि मनमानी हकालपट्टीपासून बचाव ही त्यातली मुख्य कलमे. मात्र बेकायदा प्रवेशाबद्दल शिक्षा न करण्याचे जे कलम निर्वासितांच्या १९५१ च्या करारात आहे, ते इथे नाही. शिवाय बरेचसे हक्क कायदेशीर वास्तव्य असलेल्यांनाच मिळतात, आणि ते सिद्ध करायला पुन्हा कागद लागतो. नागरिक असल्याचा पुरावा दाखवता येतो. नसल्याचा कुठून आणायचा? जन्म, आईवडील, लग्न यांमुळे ज्या ज्या देशाशी संबंध आला, त्याच्या वकिलातीकडून ‘हा आमचा नाही’ असे लिहून आणायची वेळ येते.

१९६१ चा करार राज्यहीनता मुळातच टाळू पाहतो. दुसरे कोणतेच राष्ट्रीयत्व मिळणार नसेल, तर मुलाला जन्मभूमीचे मिळावे, हे त्याचे मर्म. बेवारस सापडलेल्या बाळालाही, उलट पुरावा नसेल तर, तिथलेच मानायचे. वंश, धर्म किंवा राजकीय मत यांवरून नागरिकत्व काढून घ्यायला त्यात मनाई आहे.

दक्षिण आशियातल्या एकाही देशाने हे दोन करार स्वीकारलेले नाहीत. तरीही या भागातला प्रश्न सुटल्याचे एक ठळक उदाहरण इथलेच आहे. श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबणाऱ्या भारतीय वंशाच्या तमिळांना १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने बाहेर ठेवले. वडील सिलोनमध्ये (श्रीलंकेचे तेव्हाचे नाव) जन्मल्याचे दाखवा, अशी अट. आणि मळ्यावरच्या चाळवजा खोल्यांत जन्मलेल्या कितीतरी जणांच्या जन्माची नोंदच नव्हती. १९६४ मध्ये भारताचे पंतप्रधान लालबहादूर शास्त्री आणि सिलोनच्या पंतप्रधान सिरिमावो बंदरनायके यांनी माणसांची चक्क वाटणी केली: सव्वापाच लाख भारताकडे, तीन लाख सिलोनकडे, उरलेले दीड लाख नंतर पाहू. त्या दीड लाखांचे १९७४ मध्ये निम्मे-निम्मे ठरले. भारताने स्वीकारायचे ठरलेल्यांपैकी अनेक जण मळ्यांवरच राहिले. शेवटी २००३ मध्ये श्रीलंकेच्या संसदेने त्यांना नागरिकत्व देणारा कायदा केला. कामगार संघटना आणि स्वयंसेवक अर्ज घेऊन मळ्यांवर गेले, आणि दहा दिवसांत सुमारे १.९ लाख लोक नागरिक झाले.

भारताने बालहक्क करार स्वीकारला आहे, आणि प्रत्येक मुलाचा राष्ट्रीयत्व मिळवण्याचा हक्क त्यात आहे. मात्र ३ डिसेंबर २००४ पासून भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील बेकायदा स्थलांतरित असतील, तर त्याला जन्माने नागरिकत्व मिळत नाही. दुसरा कोणताही देश त्या मुलाला आपले म्हणत नसेल, तरीही या नियमाला अपवाद नाही.