जुन्या बुलेटचा ऑइल पंप आला कुठून

कास्ट आयर्न इंजिनवाली बुलेट ज्यांच्या घरात आहे त्यांनी इंजिनच्या उजव्या बाजूचं मोठं झाकण, म्हणजे टायमिंग कव्हर, नीट बघा, त्यावर स्क्रूने बसवलेली दोन छोटी झाकणं आहेत. त्या झाकणांच्या मागे दोन ऑइल पंप बसलेत, एक तेल इंजिनात पाठवतो आणि दुसरा खाली साचलेलं तेल उचलून परत टाकीत नेतो. इंजिनचं आयुष्य या दोन झाकणांमागे आहे असं माझं ठाम मत आहे, पण लोक कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरवर तासन्तास बोलतात आणि पंपाचं नाव इंजिन जाम झाल्यावरच निघतं.

सुरुवातीच्या मोटरसायकलींना आपोआप चालणारा पंपच नव्हता. पेट्रोलच्या टाकीतच एक कप्पा तेलाचा, त्यावर हाताचा पंप, आणि चालवणाऱ्याने दर काही मैलांनी तो दाबायचा, चढ लागला की जास्त वेळा. तेल क्रँककेसमध्ये (इंजिनच्या खालच्या पेटीत) पडायचं, फ्लायव्हील (त्यातलं जड चाक) ते उडवायचं, थोडं सिलेंडरमध्ये जळायचं, उरलेलं गळून रस्त्यावर, परत काही यायचं नाही. म्हणून त्याला टोटल लॉस म्हणायचे. सायलेन्सरमधून हलका निळा धूर दिसतोय म्हणजे तेल पोचतंय, एवढाच काय तो मीटर! पुढे पिलग्रिम नावाच्या पंपासारखे इंजिनवर चालणारे पंप आले, काचेतून थेंब दिसायचे, पण तेल तरीही एकदाच वापरून संपायचं.

बुलेट बनवणाऱ्या, इंग्लंडमधल्या रेडिच गावच्या एनफिल्ड कंपनीने 1913 च्या सुमारास आपल्या छोट्या व्ही-ट्विनला (दोन सिलेंडरच्या गाडीला) गिअरने चालणारा पंप आणि काचेची तेलटाकी दिली, तेल फिरून परत टाकीत. तेल इंजिनच्या तळाशी न साठवता टाकीत ठेवायच्या या पद्धतीला ड्राय संप म्हणतात, मोटरसायकलवरच्या तिच्या अगदी पहिल्या उदाहरणांपैकी हे एक. नंतर हीच पद्धत इतरांनीही घेतली पण प्रत्येकाचा पंप वेगळा. ट्रायम्फने दोन प्लंजर (सिरिंजच्या दट्ट्यासारखे दांडे) आणि खाली बॉल व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारी गोळी) वापरले, बॉलखाली एखादा कण अडकला की काम बिघडतं. नॉर्टनचा गिअर पंप झिजला की गाडी उभी असताना रात्रभरात टाकीतलं तेल हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं आणि सकाळी किक मारली की धूरच धूर.

बुलेटमध्ये रेडिचवाल्यांनी तेलाची टाकी वेगळी न लावता क्रँककेसच्याच कास्टिंगमध्ये मागच्या बाजूला घेतली. आणि पंपात व्हॉल्व्हच ठेवले नाहीत, मला तरी यातली खरी हुशारी हीच वाटते. क्रँकच्या (इंजिनच्या फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) टोकाला वर्म, म्हणजे स्क्रूसारखे आटे असलेला गिअर आहे, तो एक तिरपा स्पिंडल (छोटा दांडा) फिरवतो, इंजिनपेक्षा खूपच हळू. स्पिंडलच्या दोन्ही टोकांना मध्यापासून सरकवलेली पिन आहे, ती पिन प्लंजरमध्ये अडकते, प्लंजर एका गोल डिस्कच्या भोकात बसतो. पिन फिरली की प्लंजर आतबाहेर होतो आणि त्याच वेळी डिस्क थोडी डावीउजवीकडे डोलते, डोलताना तिचं भोक एकदा तेल ओढायच्या वाटेसमोर येतं, एकदा ढकलायच्या वाटेसमोर. म्हणजे जे व्हॉल्व्हने करायचं ते काम डिस्कच करते. परतीच्या पंपाची क्षमता पुढे पाठवणाऱ्यापेक्षा साधारण दुप्पट ठेवलीय, म्हणजे क्रँककेसमध्ये तेल साचत नाही.

या रचनेची सगळी भिस्त मात्र एका सपाट पृष्ठभागावर. डिस्क स्प्रिंगने कव्हरच्या बैठकीवर दाबलेली असते, तिथे चरा पडला की तेल मधल्यामध्ये निसटतं आणि प्रेशर जातं. जुने मिस्त्री ग्राइंडिंग पेस्ट लावून डिस्क बैठकीवर घासून बसवतात, त्यात घाई केली तर सगळंच वाया. आणि प्रेशर जाणं बुलेटला परवडत नाही कारण बिग एंडला (कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडला जातो तिथे) फ्लोटिंग बुश, म्हणजे तेलाच्या थरावर फिरणारी धातूची कडी आहे, रोलर बेअरिंग कमी तेलात थोडं निभावून नेतं, बुश नाही नेत. बुलेट सीझ झाली (इंजिन जाम झालं) की लोक लगेच कार्ब्युरेटरचा जेट (पेट्रोल सोडणारं छोटं भोक) बदलतात, अरे आधी फेल्ट फिल्टर (तेल गाळणारा नमद्याचा फिल्टर) कधी बदललाय ते बघा, वर रॉकरला (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाला) तेल नेणाऱ्या पाइपचा बँजो नट (पाइप जोडणारा नट) थोडा ढिला करून इंजिन चालू असताना तेथे तेल येतंय का ते बघा.

1955 मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली, आधी सुटे भाग आणून जोडणी, मग हळूहळू सगळं इथेच. रेडिचचा कारखाना 1967 मध्ये बंद झाला पण हा डोलणारा पंप आपल्याकडे पुढेही कित्येक दशकं बनत राहिला, अगदी 2000 नंतरच्या कास्ट आयर्न गाड्यांतसुद्धा. नंतर युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकत्रच) आलं आणि तेलाची जुनी व्यवस्थाही गेली.

ज्यांच्याकडे जुनी आहे आणि इंजिन नुकतंच बांधून आलंय त्यांनी एवढं नक्की करा, पहिली किक मारायच्या आधी फिल्टरच्या खोबणीत तेल भरून घ्या. पंप इतका हळू चालतो की ती रिकामी जागा भरून तेल बिग एंडपर्यंत जायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नवीन बुश कोरडाच फिरतो.