धुळीच्या कणावरचं गंधकाचं रसायन

दगडी कोळसा जळतो तेव्हा त्यातलं गंधकही जळतं आणि नाकाला झोंबणारा सल्फर डायऑक्साइड हवेत मिसळतो. पुढे त्यातल्या बऱ्याच वायूचं सल्फेट होतं. सल्फेट म्हणजे फुप्फुसात खोलवर जाणारे आणि आसमंत धूसर करणारे बारीक कण. हे काम नुसत्या वायूंवर सोपवलं, तर त्याला आठवडाभरही लागू शकतो. दाट, दमट प्रदूषणात मात्र सल्फेट काही तासांतच वाढतं. ही घाई कशामुळे, हे समजायचं तर एखाद्या कणाच्या अंगावर काय चाललंय ते पाहावं लागतं.

चुनखडीचा दोन मायक्रॉनचा कण घ्या. केसाच्या जाडीच्या साधारण तिसाव्या भागाएवढा. तो कोरडा वाटतो, पण हवेत दमटपणा असला की त्याच्यावर पाण्याच्या रेणूंचे थर चढतात. सल्फर डायऑक्साइड या पाण्यात शिरून आम्ल बनतो, ते आम्ल चुनखडीतल्या कॅल्शियम कार्बोनेटवर तुटून पडतं, कार्बन डायऑक्साइड निसटतो आणि सल्फाइट, म्हणजे सल्फेटपेक्षा एक ऑक्सिजन कमी असलेला क्षार, मागे उरतं. वरून ओझोनचा रेणू आला की सल्फाइटचं सल्फेट होतं. जुन्या संगमरवरी इमारतींवर जिप्समची, म्हणजे कॅल्शियमच्या सल्फेटची, काळी खपली धरते, तिच्यामागेही असंच रसायन असतं.

कोरड्या हवेत सल्फेटने पृष्ठभाग झाकला गेला की प्रक्रिया थंडावते. मला इथे पाण्याची करामत फार मोठी वाटते. त्या पातळ थरात आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, सरकू शकतात, सल्फेटचे स्फटिक एका बाजूला गोळा होतात आणि खालची ताजी चुनखडी पुन्हा उघडी पडते.

आम्ल वाढत गेलं की ओझोनचा मार्ग मंदावतो, कारण आम्लात सल्फर डायऑक्साइड कमी विरघळतो. चुनखडी आम्ल मारत राहते, म्हणून तिच्या कणावर हा मार्ग जास्त वेळ खुला राहतो. लोह आणि मँगनीज असलेल्या कणांची गोष्ट वेगळी. त्यांच्यातून पाण्यात उतरलेले धातूचे आयन साध्या ऑक्सिजनकडूनच काम करून घेतात, त्याला उन्हाचीही गरज नसते.

लंडनमध्ये ५ ते ९ डिसेंबर १९५२ या काळात कोळशाचा धूर आणि धुकं शहरावर साचून राहिलं. त्या वेळच्या मोजणीत सुमारे ४,००० माणसं दगावली. नंतरचे अंदाज १२,००० पर्यंत जातात. त्या काळोख्या दिवसांत उन्हावर चालणारं रसायन जवळजवळ बंद होतं. आम्ल तयार होत होतं ते धुक्याच्या थेंबांत आणि ओल्या कणांवर.